परवानगीवाल्या आक्का

आमच्या महानंदा आक्का एका मयताच्या घरी भेटायला गेल्या होत्या आणि मी त्यांच्या सोबत होते. गेलेल्या काकांची बायको भिंतीला टेकून बसली होती. मग ती बाई आपल्याशीच म्हणाली, "आता टीव्हीचा आवाज बारीक करा म्हणून मी कुणावर वरडू?" खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्कांच्याही आलं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, सरकत सरकत त्या बाईजवळ गेल्या, तिचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "हे वाक्य घेऊ का?"

मला सतरंजीखाली शिरावंसं वाटलं. बाईंनी आक्कांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घ्या की. मला काय करायचंय ते ठेवून."

"घेऊ का?" हे आक्का दिवसातून किती वेळा विचारतात याला गणती नाही. रिक्षावाल्याला विचारतात, भाजीवालीला विचारतात. एकदा दाताच्या डॉक्टरांकडं तोंड उघडून पडल्या होत्या, डॉक्टर आपल्या मदतनीस मुलीवर काहीतरी झणझणीत बोलले. आक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं, चूळ भरली, विचारलं, परवानगी घेतली आणि पुन्हा आ केला.

कारण आक्का लेखिका आहेत. किशोर कादंबऱ्या लिहितात. आमच्या साहित्यव्यवहारात या प्रकाराला काडीची किंमत नाही, हे मी स्पष्टच सांगते. संमेलनात किशोर साहित्याचा परिसंवाद नेहमी जेवणाच्या वेळेला ठेवतात. सूत्रसंचालक आक्कांची ओळख "बालसाहित्यिक" अशी करून देतो आणि आक्का माईक हातात आल्या आल्या म्हणतात, "बाल न्हाई हो, किशोर. बाल रांगतंय, किशोर पळून जातंय. फरक हाय." मग कुणीतरी जाणता माणूस विचारतो, की मोठ्यांसाठी कधी लिहिणार. यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: "मोठे झालात की सांगा, लिहिते की."

मी पत्रकं लिहिते. मुलींच्या शाळेतलं स्वच्छतागृह, बंद पडलेली सिटी बस, बागेतला तुटका घसरगुंडीचा पत्रा, जिथं अन्याय तिथं माझं पत्रक. आक्का मला "पत्रकबाई" म्हणतात. माझ्या लिहिण्यात उद्गारचिन्हं पावट्यासारखी पडलेली असतात असं त्यांचं मत आहे, म्हणून या लेखात एकही घालत नाही. तशीही या लेखात ओरडण्यासारखी माझी स्थिती राहिलेली नाही.

जुळे सोलापूरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर आक्का एकट्या राहतात. टेलिफोन खात्यात नोकरी करता करता चाळिशीत त्यांची पहिली कादंबरी आली, मग येतच राहिल्या. माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळं चिडल्या की कानडीत चिडतात आणि मायेत आल्या की पण कानडीतच, तेव्हा समोरच्यानं चेहरा बघून ठरवायचं. सत्कार पुष्कळ झाले. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर. आक्कांकडं इतक्या चादरी साठल्यात की उन्हाळ्यात सगळ्या गच्चीवर अंथरल्या तर अपार्टमेंटची सगळी पोरं त्यावर मावतात. मावतातच. कारण आक्कांचा कच्चा माल तिथंच तयार होतो.

साठी उलटलेल्या बाईनं पंधरा वर्षांच्या पोरांची भाषा लिहायची तर ती आणायची कुठून? आक्का ती विकत घेतात. गेटजवळच्या पाणीपुरीच्या गाड्यावर त्यांचा दर ठरलेला आहे. नवीन शब्द दिला तर अर्धी प्लेट. घडलेला प्रसंग दिला तर पूर्ण प्लेट. प्रेमप्रकरण असेल तर शेवपुरी वेगळी. मी स्वतः नववीत असताना आक्कांना "कुकर होणे" हा शब्द विकला होता. अर्थ, राग येऊन आतल्या आत शिजत बसणे. "सरांचा कुकर झालाय, आज गप बस," असा वाक्यात उपयोगही करून दाखवला. हा शब्द सोलापुरात कुणीही वापरत नव्हतं, मी तो गाड्याकडं चालता चालता बनवला होता. आक्कांनी तो कादंबरीत घातला. पुण्याच्या एका समीक्षकानं अस्सल सोलापुरी किशोरांची बोली म्हणून त्याचं कौतुक केलं. आणि दोन वर्षांनी आमच्या शाळेतली पाचवीची पोरं खरोखर तो शब्द वापरायला लागली. म्हणजे पाणीपुरी मी फसवून खाल्ली की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही.

प्रसंग विकत घेतला तरी आक्कांचं समाधान होत नाही. लिहून झालं की ज्याचा प्रसंग त्याला गच्चीवर बोलावून वाचून दाखवतात. नको असेल ते खोडायचा त्याला हक्क. आमच्या इमारतीतल्या एका मुलीनं अख्खं प्रकरण खोडायला लावलं. प्रकाशकानं फोनवर कपाळ बडवून घेतलं, आक्कांनी शांतपणे ते प्रकरण काढलं. दुसरा एक मुलगा म्हणाला, छापा, पण मला उंच करा आणि क्रिकेट टीमचा कॅप्टन करा. आक्कांनी केला. शिवाय प्रत्येकाचं नाव बदलायचं, आडनाव बदलायचं आणि गाव मोहोळ करायचं, हा नियम. सोलापुरातली एकूण एक भानगड त्यांच्या कादंबरीत मोहोळला घडते. एकदा मोहोळच्या शाळेत त्यांचं भाषण होतं. आभार मानायला उठलेले गुरुजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, आमच्या गावातली पोरं एवढी पळून जात न्हाईत हो."

अशा या आक्कांची एकच गोष्ट मला खटकायची. त्यांची पहिली कादंबरी, 'सूतगल्लीची पोरं'. ती मला पाचवीत बक्षीस मिळाली होती. तिच्यातलं "राजाची आई" हे प्रकरण मी इतक्या वेळा वाचलं होतं, की पानं सुटून आली होती. व्यंकू नावाचा मुलगा शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजा झालेला असतो. नाटक रंगात येतं आणि त्याची आई विड्यांच्या कारखान्यातून तशीच, हातात तंबाखूपानाचं सूप घेऊन, रखवालदाराशी भांडत हॉलमध्ये शिरते आणि राजाला ओरडून सांगते, की तू जेवला नाहीस. माईकवरून बाई विचारतात, ही कुणाची आई? राजा म्हणतो, "कोण ही बाई? प्रधानजी, हिला सुपासकट हाकलून द्या." इथं वाचणारा हसून आडवा होतो. मी प्रत्येक वेळी झाले.

आणि आक्कांना हे पुस्तक नको होतं. स्वतःच्या परिचयातून त्यांनी ते काढून टाकलं होतं. प्रकाशक नवी आवृत्ती काढायला मागे लागला, त्यांनी नाही म्हटलं. मी एकदा त्या प्रकरणाची स्तुती केली तर त्या उठून भर दुपारी झाडांना पाणी घालायला गेल्या. त्यांना मनापासून एवढंच हवं होतं, की सोलापुरात ते पुस्तक कुणी वाचू नये. मी याला लेखिकेचा विनय समजत होते.

गेल्या महिन्यात मी एका शाळेत स्वच्छतागृहाच्या कामासाठी गेले. ग्रंथालयाच्या कपाटात 'सूतगल्लीची पोरं' दिसेना, म्हणून सहज विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, ते पुस्तक होतं, पण मुख्याध्यापिकांनी काढून ठेवायला सांगितलं. का? माहीत नाही. माझ्यासारखीला "माहीत नाही" म्हणजे वाळल्या गवताला काडी. घरी येऊन आक्कांना सांगितलं, तुमच्या पुस्तकावर बंदी आलीय. त्यांनी हातातलं तांदूळ निवडणं थांबवलं आणि म्हणाल्या, "पोरी, राहू दे. ते असू दे तसंच."

दबलेला माणूस असंच म्हणतो, हे आम्हा कार्यकर्त्यांना शिबिरात शिकवलेलं आहे. मी रात्रीत पत्रक लिहिलं. "पुस्तकाला कुलूप कशासाठी? विड्या वळणाऱ्या आईची गोष्ट कुणाच्या डोळ्यांत खुपते?" पत्रकावर आक्कांचं नाव ठळक टाकलं. आक्कांना विचारलं नाही. एका वाक्यासाठी दाताच्या डॉक्टरांना थांबवणाऱ्या बाईचं नाव मी तिला न विचारता हजार कागदांवर छापलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शाळा सुटायच्या वेळेला मी आणि माझ्यासोबतचे कार्यकर्ते फाटकाबाहेर जमलो. मी स्टुलावर चढले. भाषणाला पोरं थांबत नाहीत, एवढी अक्कल मला आहे, म्हणून पुस्तक उघडून "राजाची आई"च वाचायला घेतलं. आई रखवालदाराशी भांडते तिथं पोरं थांबली. ती ओरडते तिथं रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. मी आवाज काढून वाचत होते. सुपासकट हाकलून द्या म्हटल्यावर असा हशा उठला, की मला वाटलं, लढा इथंच जिंकला.

फाटकात एक तरुण सर सायकली बाहेर काढायला उभे होते. बारीक अंगाचे, गळ्यात शिट्टी. पोरं हसत होती तेव्हा त्यांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवत नव्हते. पुढं उभ्या असलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, पण मग त्याची आई घरी गेल्यावर काय म्हणाली?" पुस्तकात ते नव्हतं. मी म्हटलं, अगं, गोष्ट आहे ती. सर पुढं आले आणि मला म्हणाले, "मॅडम, पोरांच्या रिक्षा खोळंबल्यात. बाकीचं नंतर वाचा." आवाजात राग नव्हता. मला तर ते शाळेच्या व्यवस्थापनाचं दडपण वाटलं आणि मी त्यांना दोन शब्द सुनावलेसुद्धा. काय सुनावलं ते इथं लिहायची माझी हिंमत नाही.

तेवढ्यात रिक्षातून आक्का उतरल्या. कुणीतरी पत्रक त्यांच्यापर्यंत पोचवलं होतं. पायात घरातल्या चपला होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "आक्का, बरं हाय ना?" आणि वळून सायकली ओढायला लागले.

परतीच्या रिक्षात आक्कांनी मला सगळं सांगितलं. पूर्वी त्या शहराच्या पूर्व भागात भाड्यानं राहायच्या. आजूबाजूला यंत्रमाग, घराघरात तेलुगू, आणि बायका विड्यांच्या कारखान्यात. शेजारचा श्रीनिवास, शिनू (नाव बदललंय, आणि लिहू का हे विचारलंय), रोज संध्याकाळी अभ्यासाला त्यांच्याकडं यायचा, आई कामावरून येईपर्यंत. गॅदरिंगमध्ये राजा तो झाला होता. सूप घेऊन आलेली आई त्याची. माईकवर विचारल्यावर "मला माहीत नाही" म्हणणारा मुलगा तो. हाकलून द्या तो बोलला नव्हता. ते आक्कांनी घातलं होतं, हशा पिकावा म्हणून.

"त्यानं मला ते रडत सांगितलं होतं, पोरी," आक्का म्हणाल्या. "मी त्याला गप केलं, शेंगा-गूळ हातावर ठेवला. आणि तो गेल्यावर लिहायला बसले. लिहिताना मला हसू येत होतं."

पुस्तक आलं, गल्लीनं ओळखलं. पोरं त्याला महाराज म्हणायला लागली. शिनूनं आक्कांकडं यायचं बंद केलं, भांडला नाही, बोलला नाही. त्यानंतर आक्कांनी कुणाचं काही विचारल्याशिवाय घेतलं नाही. यंदा त्या या शाळेत पाहुण्या म्हणून गेल्या, तर नवीन लागलेले मराठीचे सर, आज फाटकात शिट्टी घेऊन उभे होते तेच, पाया पडले. ओळखलं का, म्हणाले. आक्कांनी त्याच दिवशी मुख्याध्यापिकांना गाठलं. त्यांच्या जुन्या मैत्रीण त्या. म्हणाल्या, ते पुस्तक एवढं कपाटातून काढ, त्याच्या वर्गातली पोरं त्याच्यावर हसायला नकोत. बंदी घालणारी ती हुकूमशाही म्हणजे आमच्या आक्का.

मग मला का नाही सांगितलं, असं मी जवळजवळ भांडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला सांगायचं तर त्याची गोष्ट आणखी एकदा सांगावी लागली असती की."

मी म्हटलं, मी जाहीर माफीचं पत्रक काढते. त्या दिवसात आक्का पहिल्यांदा हसल्या, पण ते हसणं बघवत नव्हतं. "काढशील. आणि कुणाची माफी ते पण छापशील."

रविवारी आक्का शिनूच्या घरी निघाल्या. मी येते म्हटलं. मला बोलावलं नव्हतं, पण त्यांना अडवणं जमलं नाही. सरांनी दार उघडलं, आम्हाला बघून बाहेर आले आणि दार मागं ओढून घेतलं. मी पुस्तकाबद्दल तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "आईला यातलं काही म्हाईत न्हाई. तिला मराठी वाचता येत न्हाई. तुमी माफी मागितली तर ती विचारंल, कशाची?"

आक्का चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मनात घोळवून आणलेलं सगळं त्यांना तिथंच, चपलांशेजारी, काढून ठेवावं लागलं. सरांनी दार उघडलं. "या आत. चहा घ्या."

सरांची आई, अम्मा, खुर्चीत बसून होत्या. पाठ वाकलेली, बोटं विड्या वळून वळून आत दुमडलेली, आवाज मात्र खणखणीत. आक्कांना बघून त्यांनी आधी पाच मिनिटं झापलं. इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही, जुळे सोलापूर काय अमेरिकेत हाय व्हय, आणि पोराला सरकारी नोकरी लागल्याचे पेढे कुणाच्या तोंडात घालायचे होते. आक्का खाली बघून व्हय, चुकलं म्हणत राहिल्या. तेवढं म्हणायला मिळालं, ते त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. अम्मांना वाटलं, न आल्याबद्दलच चाललंय. त्यांनी चिवड्याची बशी पुढं ढकलली.

मग अम्मा म्हणाल्या, "आक्का, तुमी पोरांवर पुस्तकं लिवता म्हणं. एवढ्या पोरांवर लिवलं. आमच्या शिनूवर लिवा की एक."

सर कप गोळा करत होते, त्यांचा हात थांबला.

आक्कांनी चिवड्याची बशी बाजूला सरकवली. "काय लिहू, अम्मा?"

"काय म्हंजी? त्यो राजा झालता ते लिवा की." अम्मा खुर्चीत पुढं सरकल्या. "तुमाला म्हाईत न्हाई? शाळेत नाटक हुतं. मी कारखान्यातनं तशीच गेली, हातात सूप. सकाळधरनं पोरगं उपाशी. मी खालनं वरडली, शिनू, जेवला न्हाईस रं. सगळी हसली. बाईनं माईकवर विचारलं, ही कुणाची आई? आन ह्यो बघा, मिशी लावलेली, छाती काढलेली, म्हणला, मला म्हाईत न्हाई. जरासुदिक हलला न्हाई. दुसरं पोरगं असतं तर अम्मा म्हणून पळत आलं असतं, नाटक बुडालं असतं सगळं. पण ह्यो राजा झाला म्हंजी झाला. राजाला कुठली आलीय आई?" त्या सरांकडं वळल्या. "व्हय का न्हाई रं? बरोबर सांगितलं न्हवं?"

सरांच्या हातात तीन कप होते. "व्हय अम्मा," ते म्हणाले. "असंच झालं हुतं."

आक्कांनी मान वर केली नाही. अम्मांनी वाकड्या बोटांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं, एखाद्या विसरभोळ्या माणसाला थोपटावं तसं.

"आन मिशीचं ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या. "लई शोभत हुती."